पाय घोड्याचे, श्वास मात्र आपलाच

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या दवाखान्यांत एका वेगळ्याच प्रकारचे 'रुग्ण' येऊ लागतात. त्यांना काही झालेले नसते. हातात सहलीचा छापील फॉर्म असतो आणि त्याच्या तळाशी डॉक्टरांच्या सहीसाठी सोडलेली रिकामी जागा असते. गेल्या मोसमात असेच एक निवृत्त गृहस्थ सपत्नीक आले. वय एकसष्ट, पंधरा वर्षांचा रक्तदाब, अलीकडे थोडी साखर. केदारनाथ, तुंगनाथ, बद्रिनाथ असा बेत ठरलेला होता. मी विचारले, "चालत जाणार का?" तर म्हणाले, "छे हो डॉक्टर! ही चालेल, हिला पर्वती चढायची वीस वर्षांची सवय आहे. मी आपला घोडा करणार. त्यामुळे माझी काळजी नाही, तपासायचं तर हिला तपासा."

वाचकहो, ही समजूत फक्त त्या गृहस्थांची नाही. घोड्यावर बसून गेले म्हणजे डोंगराचा त्रास होत नाही असे मानणारी माणसे मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांत शिकलेलीही असतात. म्हणून उंच डोंगरधारेवर पायी किंवा घोड्यावरून जाताना शरीरात काय घडते ते आज जरा विस्ताराने पाहू.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे शंभरात सुमारे एकवीस भाग असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. वरच्या हवेचे ओझे कमी झाल्यामुळे हवा विरळ होते आणि एका श्वासात पूर्वीइतका प्राणवायू छातीत येत नाही. आपले पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ ९४ टक्के असतो. सिंहगडाच्या माथ्यावर, म्हणजे १३१२ मीटरवर, तो ८६ टक्क्यांच्या आसपास येतो. एवढा फरक शरीराला जाणवतही नाही. गडावर आपल्याला दम लागतो तो चढाचा, हवेचा नव्हे. मडक्यातले दही आणि दोन पिठलं-भाकरी पोटात गेल्यावर तो विसरूनही जातो.

केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे. तेथे हा दाब ६५ टक्क्यांवर येतो. म्हणजे पुण्यात तीन श्वासांत मिळतो तेवढा प्राणवायू मिळवायला तेथे चारहून अधिक श्वास लागतात. झोपेतही लागतात आणि घोड्यावर बसल्या-बसल्याही लागतात.

शरीर या टंचाईशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या काही तासांतच श्वास खोल आणि जलद होतो, नाडी वाढते. जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्त थोडे अल्कधर्मी बनते. मग मेंदूतले श्वासाचे केंद्र 'पुरे आता' असा हुकूम सोडते आणि श्वास पुन्हा आखडतो. ही अडचण मूत्रपिंडे सोडवतात. ती दोन-तीन दिवसांत जादा अल्क लघवीवाटे बाहेर टाकतात. उंचीवर पहिले दोन दिवस वारंवार लघवीला होते ते यामुळे. ते चांगलेच लक्षण आहे, त्याला घाबरून पाणी पिणे कमी करू नये. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. या सगळ्या कामाचा वेळ कशाने कमी होतो? पैशाने होत नाही, पहिलवानीने होत नाही आणि घोड्यानेही होत नाही.

घोडा आपल्या पायांचे श्रम वाचवतो हे खरे. चढ चालण्यापेक्षा घोड्यावर बसण्यात निम्म्याहून कमी श्रम पडतात. ज्याचे हृदय श्रमाने थकते त्याला तेवढा आधार मिळतोही. पण चालणारा माणूस दमतो, थांबतो, चहा घेतो आणि दमला म्हणून वाटेतच मुक्काम करतो. त्याची दमणूक हाच त्याचा लगाम असतो. घोड्यावरच्याला हा लगाम नसतो. सकाळी गौरीकुंडाहून १९८२ मीटरवरून निघालेला माणूस दुपारी सोळाशे मीटर वर, ३५८३ मीटरवर उतरतो. चढताना त्याला काहीच होत नाही. उंचीचा त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दर्शन होते, जेवण होते, आणि मग रात्री कपाळ ठणकू लागते.

ही गोष्ट नवी नाही. सोळाव्या शतकात होसे दे आकोस्ता नावाचा स्पॅनिश धर्मोपदेशक दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत ओलांडत होता, आणि तोही जनावरावर बसूनच. माथ्याजवळ पोहोचताच त्याला इतकी मळमळ आणि वांती सुरू झाली की आता जीव जातो असे त्याला वाटले. १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हा अनुभव लिहून ठेवला आणि येथील हवा माणसाच्या श्वासाला पुरत नाही इतकी विरळ असावी, असा तर्क केला. वायुभारमापक यंत्राचा शोधसुद्धा तेव्हा लागायचा होता! जनावरांनाही तेथे त्रास होतो, कितीही टाच मारली तरी ती पुढे पाऊल टाकत नाहीत, हेही त्याने नोंदवले आहे.

आपल्या देशाने हाच धडा फार मोठ्या किमतीला घेतला. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास मैदानी मुलखातले धडधाकट जवान विमानांतून आणि मालमोटारींतून थेट हिमालयाच्या उंच ठाण्यांवर पोहोचवले गेले. त्यांतले कितीतरी जण शत्रूची गोळी न लागताच आजारी पडले. कुणाच्या छातीत पाणी झाले, कुणाचा मेंदू सुजला. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर लिहिलेला निबंध १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि आजही जगभरचे डॉक्टर त्याचा आधार घेतात. हे जवान तरुण होते, कवायतीने घडलेले होते, आणि चढताना त्यांना श्रमही झाले नव्हते. यातून काय ते समजावे.

सिंहगडाची तयारी किती उपयोगाची?

पुण्यातल्या माणसाचे व्यायामाचे विद्यापीठ म्हणजे टेकडी. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती यांपैकी एकीवर रोज आणि रविवारी सिंहगड, हा नेम असलेला माणूस डोंगरात नक्कीच सुखी असतो. आतकरवाडीतून गडावर चढण्यात मांड्या तयार होतात, हृदयाला दमाची सवय होते, बूट कुठे लागतो ते कळते. हिमालयात जाण्यापूर्वी किमान आठ आठवडे आठवड्यातून एक मोठा चढ आणि बाकी दिवस चाळीस-पन्नास मिनिटे भराभर चालणे, एवढी तयारी मी प्रत्येकाला सांगतो. घोडा करणाऱ्यालाही सांगतो. वाटेत घोडा मिळाला नाही, पाऊस लागून वाट बंद पडली किंवा जनावरच बसले, तर पुढची वाट पायांनीच तुडवावी लागते.

धारेवरच्या चालीचा सराव हवा असेल तर आपल्याजवळ कात्रज ते सिंहगड ही उत्तम डोंगरधार आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून चढायचे आणि एकामागून एक टेकाडे ओलांडत गडाच्या बाजूला उतरायचे. अंतर सुमारे सोळा किलोमीटर. पोरे ही वाट पौर्णिमेच्या रात्री करतात. या वाटेवर पाणी मिळत नाही. धार म्हणजे डोंगराची पाठ. पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना ओघळून जातो, पाठीवर काही राहत नाही. झाडोराही तुरळक. म्हणून माणशी तीन लिटर पाणी आणि थोडे मीठ-साखर घालून केलेले सरबत घेतल्याशिवाय निघू नये. मार्च ते मे दिवसा ही वाट करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाने घेरी आलेल्या माणसाला धारेवरून खाली आणणे किती जिकिरीचे असते हे ज्यांनी एकदा केले आहे ते विसरत नाहीत. वाट चुकली तरी मधूनच दिसेल त्या नाळेने उतरण्याचा मोह टाळावा. अशा नाळा खाली कड्यावर संपतात.

पण या सगळ्या सरावाने विरळ हवेची सवय होत नाही, कारण गडाच्या माथ्यावर हवा विरळ नसतेच. केदारनाथच्या वाटेवरचे गुप्तकाशी हे गाव १३१९ मीटरवर आहे. म्हणजे आपला सिंहगडाचा माथा जेथे संपतो तेथे त्या यात्रेचा पहिला मुक्काम असतो! खरी उंची त्याच्यापुढे सुरू होते. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक २०१२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. अशा मोहिमांतले गिर्यारोहक सह्याद्रीत घाम गाळूनच गेलेले असतात. तरीही तेथे गेल्यावर त्यांना पाच हजार मीटरवरच्या तळावर आणि त्याच्या वरच्या छावण्यांवर चढ-उतार करत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. त्यांची फुप्फुसे आपल्यापेक्षा चांगली असूनही त्यांना घाई करता येत नाही.

उलट तंदुरुस्त माणसाला मी थोडी जास्तच ताकीद देतो. सिंहगड तासाभरात चढणारा चौतीस वर्षांचा एक तरुण हिमालयातल्या धारेवर सर्वांच्या पुढे पळत गेला आणि रात्री तंबूत पडून राहिला. त्याच्यामागून रेंगाळत आलेली साठीची मावशी मात्र सकाळी त्याला चहा नेऊन देत होती. व्यायामाने दम वाढतो. उंचीचा त्रास कुणाला होणार हे त्यावरून ठरत नाही. ते ठरते मुख्यतः तुम्ही किती लवकर वर चढलात आणि रात्री किती उंचीवर झोपलात यावर.

मग क्रम कसा लावावा?

अडीच हजार मीटरपर्यंत बहुतेकांना काही होत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. दिवसा अधिक वर गेलात तरी चालते. रात्री खाली या. 'चढा उंच, झोपा खाली' असे आम्ही म्हणतो.

आपल्या सहलींचे वेळापत्रक या नियमाला विचारून केलेले नसते. हरिद्वारला ३०० मीटरवर गाडीतून उतरलेली मंडळी तिसऱ्या दिवशी केदारनाथला मुक्कामाला असतात. हेलिकॉप्टरवाले तर काही मिनिटांत. मी त्या गृहस्थांना सुचवले ते येथे सांगतो, कारण ते अनेकांच्या उपयोगी पडेल. केदारनाथ आधी आणि तुंगनाथ नंतर, हा क्रम उलटा करा. पहिली रात्र गुप्तकाशीला किंवा समोरच्या उखीमठला काढा. तेथून चोपत्याला जा. चोपता साधारण २७०० मीटरवर आहे, गाडीरस्त्यावर आहे, थंड आहे आणि राहण्याची सोय साधी पण पुरेशी आहे. तेथे दोन रात्री राहा. मधल्या दिवशी तुंगनाथला जाऊन या आणि खाली येऊन झोपा. मग केदारनाथ. चोपत्याहून केदारनाथ ही उडीही नियमापेक्षा मोठीच आहे, पण गौरीकुंडाहून एकदम घेतलेल्या उडीपेक्षा खूपच बरी. जमले तर केदारनाथला मुक्काम एकच ठेवा.

तुंगनाथची वाट हीच मुळात डोंगरधारेची वाट. मंदाकिनी आणि अलकनंदा यांच्या पाण्याला वेगळे करणाऱ्या धारेवर हे मंदिर उभे आहे. पंचकेदारांतले ते सर्वांत उंच. उंची साडेतीन हजार मीटरच्या घरात. चोपत्याहून फरसबंद चढ साडेतीन-चार किलोमीटरचा आहे. घोडी-खेचरे मंदिरापर्यंत जातात. त्याच्या वर चंद्रशिलेच्या टोकापर्यंतची दीडेक किलोमीटरची उभी वाट मात्र पायीच करावी लागते. येथे घोड्यावरच्या मंडळींची खरी परीक्षा होते. दोन तास बसून आलेला, पाय बधिर झालेला आणि अंग गारठलेला माणूस खाली उतरतो आणि इतरांबरोबर एकदम चढू लागतो. तसे करू नका. उतरल्यावर अर्धा तास बसा, काही गरम प्या, थोडे सपाटीवर फिरा. दम खात, बोलता बोलता चालता येईल इतक्याच गतीने वर जा. बोलणे तुटू लागले की चाल फार झाली असे समजा.

आणि दुपारच्या आत धारेवरून खाली या. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात, गारा पडतात, विजा होतात. धारेवर आपणच सर्वांत उंच असतो, आणि विजेला तेच हवे असते. गडगडाट ऐकू आला की शिखर राहू द्या. माथा सोडून उतारावर या, एकट्या झाडाखाली उभे राहू नका.

त्रास ओळखायचा कसा?

उंचीवर गेल्यावर डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे होणे, झोप न लागणे, यांतली डोकेदुखीसह एक-दोन लक्षणे असतील तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रास समजावा. आपली माणसे 'पित्त झालंय', 'प्रवासाचा शीण आहे', 'उपास घडला' अशी दहा कारणे शोधतात. अशा माणसाने त्या दिवशी आणखी वर जाऊ नये, हा नियम. पॅरासिटामोल घ्यावे, पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. वाढत गेले तर खाली उतरावे.

दोन प्रकार मात्र जिवावरचे आहेत. पहिला फुप्फुसात पाणी होण्याचा. तो बहुधा उंचीवरच्या दुसऱ्या रात्री येतो. स्वस्थ बसले असतानाही धाप लागते, कोरडा खोकला येतो, ओठ-नखे निळसर दिसतात, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडते. दुसरा मेंदूला सूज येण्याचा. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा अगदी गप्प होतो आणि प्यायल्यासारखा झोकांड्या देतो. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सपाट जागी एका सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत दहा पावले चालायला सांगा. तोल गेला, तर पहाटेची वाट पाहू नका. डॉक्टर आणि प्राणवायू जवळ असेल तर लावाच, पण त्याच वेळी खाली नेण्याची व्यवस्था सुरू करा. तीनशे ते हजार मीटर खाली आणले की बरेचदा माणूस डोळ्यांदेखत सुधारतो.

माझ्या मते डोंगरातल्या घोड्याचा सर्वांत मोलाचा उपयोग या वेळी आहे. छातीत पाणी झालेल्या माणसाला चालवू नये, श्रमाने ते वाढते. शुद्धीवर असेल आणि नीट बसता येत असेल तर त्याला घोड्यावर बसवून, दोन्ही बाजूंना माणसे देऊन खाली आणावे. बडबडणाऱ्या किंवा झोकांड्या देणाऱ्याला मात्र घोड्यावर बसवू नका. तो पडेल. त्याच्यासाठी डोली किंवा पाठीवरची कंडीच हवी.

आता काही लोकप्रिय उपायांविषयी. पुरचुंडीत कापूर बांधून हुंगत जाण्याची प्रथा आपल्या यात्रेकरूंत पक्की रुजली आहे. कापराने नाकातल्या नसांना गारवा वाटतो आणि नाक मोकळे झाल्यासारखे भासते. रक्तात प्राणवायू तसूभरही वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, त्याच्या भरवशावर राहायला आहे. प्राणवायूचे छोटे फवारे काही मिनिटांत संपतात. करोनाच्या काळात घरोघर आलेला ऑक्सिमीटर पुष्कळजण नेतात. साडेतीन हजार मीटरवर ८८-९० आकडा निरोगी माणसातही दिसतो, तो पाहून घरी रडत फोन करू नये. गार बोटावर तो चुकीचेही दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा. थंडीसाठी ब्रँडी आणि झोपेसाठी गोळी, दोन्ही तेथे वर्ज्य. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

ॲसेटाझोलामाइड, म्हणजे दुकानात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, खरोखर उपयोगाची आहे. मूत्रपिंडांचे ते अल्क बाहेर टाकण्याचे काम ती लवकर करवून घेते. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेल्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात, त्याला भिऊ नये. आणि गोळी घेतली म्हणून एक दिवस कमी करू नये.

अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, दमा-फुप्फुसांचा जुना विकार असलेले, हिमोग्लोबिन फार कमी असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी या उंचीवर मुक्कामाला जाऊ नये, घोड्यावरूनही नाही. २०२२ च्या चारधाम मोसमात दगावलेल्या यात्रेकरूंची संख्या शंभराच्या वर गेली, आणि त्यांत हृदयाचे रुग्ण मोठ्या प्रमाणात होते. मधुमेह असलेल्यांनी इन्शुलिन थंडीत गोठू नये म्हणून अंगालगतच्या खिशात ठेवावे.

घोड्यावर बसताना

माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणीच्या टेबललँडवर फोटोपुरते घोड्यावर बसणे वेगळे आणि दरीच्या कडेने चार-पाच तास बसणे वेगळे. ज्यांना जायचे आहे त्यांनी आधी माथेरानला अर्धा दिवस तरी बसून पाहावे. मांड्यांचे आतले स्नायू, कंबर आणि बैठक यांची ओळख तेथेच होते. चढावर अंग थोडे पुढे, उतारावर थोडे मागे. रिकिबीत पावलाचा पुढचा भागच ठेवावा. पूर्ण पाय अडकवला आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. साडी किंवा लोंबती ओढणी नको. डोक्यावर शिरस्त्राण असावे. स्वार झाल्यावर आपले डोके जमिनीपासून सहा-सात फुटांवर असते आणि खाली दगड असतात. चढताना-उतरताना नेहमी डोंगराच्या बाजूने. चालणाऱ्यांनीही खेचरे येताना दिसली की डोंगराकडे सरकून उभे राहावे, दरीकडे कधीच नाही. सामानाच्या धक्क्याने माणसे खाली गेली आहेत.

पुण्यापेक्षा त्या उंचीवर तापमान साधारण १९ अंशांनी कमी असते. चालणाऱ्याचे अंग चालण्याने तापते, बसलेल्याचे तापत नाही. म्हणून घोडेस्वाराला चालणाऱ्यापेक्षा एक कपडा जास्त, हातमोजे आणि लोकरी मोजे दुहेरी. दर तासाला खाली उतरून दहा मिनिटे चालावे. त्याने पायातले रक्त फिरते आणि जनावरालाही विसावा मिळतो. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला असे आपण अभिमानाने सांगतो, पण ते स्वार आपल्या जनावराला जपत असत. २०२२ साली केदारनाथच्या वाटेवर मोसमाच्या पहिल्या काही आठवड्यांतच अनेक घोडी-खेचरे मरण पावली. लंगडणारे, पाठीवर जखम असलेले, धापणारे जनावर नाकारा. दमलेले जनावर ठेचकाळते, आणि त्याच्याबरोबर आपणही.

घोड्याच्या लिदेत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि त्या वाटा लिदेने भरलेल्या असतात. साध्या खरचटण्यालाही साबण-पाण्याने धुवा, आणि दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर निघण्यापूर्वी घ्या. गंमत अशी की ज्या घोड्यापासून हे जंतू येतात त्याच्याच रक्तापासून धनुर्वातावरचे औषध पूर्वी बनत असे. पुण्याच्या एका घोडे-पैदास केंद्रातले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस-सीरमसाठी जात, आणि त्यातूनच १९६६ साली आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

राहता राहिले गुडघे. पुष्कळजण वर जाताना घोडा करतात आणि 'उतार काय, सहज होईल' म्हणून उतरताना चालतात. हृदय कमजोर असलेल्याला हे ठीक आहे, कारण हृदयावर ताण चढावरच पडतो. पण ज्याची तक्रार गुडघ्याची आहे त्याने उलटे करावे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पायऱ्या उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. गुडघेदुखीवाल्याने शक्य तेवढे वर चालावे, हातात दोन काठ्या घ्याव्यात, आणि उतरताना उभ्या पायऱ्या सोडून बाकी वाटेला घोडा करावा. उभ्या पायऱ्यांवर घोडाही घसरतो, तेथे दोघांनीही पायी उतरलेले बरे. सिंहगड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो, त्याचे कारणही उतारच. ते दुखणे तीन-चार दिवसांत जाते आणि तीन-चार रविवारांनंतर येईनासे होते. गुडघ्याला सूज येत असेल किंवा तो अडकत असेल तर मात्र यात्रेच्या पैशांचा भरणा करण्यापूर्वी दाखवून घ्या.